जुना डेस्कटॉप, नवं ग्राफिक्स कार्ड आणि काळी स्क्रीन : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत बरीचशी पत्रं एकाच दुखण्याची होती, जुन्या कॉम्प्युटरमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड घातलं आणि सगळं अडलं. म्हणून अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. पहिलं उत्तर लांबलंय पण बाकीच्यांनीही ते वाचाच, कारण त्यातलं पुढच्या उत्तरांत परत लिहिलेलं नाही.

प्रश्न : ताई नमस्कार. माझा डेस्कटॉप जुना आहे, कोअर आय५ २४००, ८ जीबी रॅम, विंडोज १०, मदरबोर्डही त्याच वेळचा. इतके दिवस ऑनबोर्ड ग्राफिक्सवर आणि मधे एका जुन्या छोट्या कार्डवर काम चालवलं. आता थ्रीडी शिकतोय म्हणून नवीन कार्ड घेतलं, १३० वॅटचं, त्याला ८ पिनचं कनेक्टर आहे. लावलं तर पंखे फिरतात, कार्डाचेही फिरतात, पण मॉनिटरवर नो सिग्नल. कार्ड काढलं की सगळं पहिल्यासारखं. जुनं कार्ड लावलं तरी चालतं. मित्राच्या नव्या कॉम्प्युटरमध्ये हेच कार्ड व्यवस्थित चाललं. माझ्या पॉवर सप्लायवर ४५० वॅट लिहिलंय पण त्याला ८ पिनची वायर नव्हती म्हणून साटाच्या वायरीवरून ॲडाप्टर लावलाय. एक जण म्हणतो बोर्ड गेला, दुसरा म्हणतो नवीन कार्ड जुन्या बोर्डवर चालतच नाही, सगळंच बदल. खरं काय समजायचं?

उत्तर : आधी एक काम करा, मशीनचा प्लग काढा आणि तो साटावरून लावलेला ॲडाप्टर काढून टाका, परत लावू नका. साटाच्या पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या ३ च पिना असतात, एका पिनेची क्षमता दीड अँपिअर, म्हणजे सगळं मिळून साडेचार अँपिअर, ५४ वॅट झाले. आणि ८ पिनच्या कनेक्टरवरून कार्डाला १५० वॅटपर्यंत ओढायची मुभा असते. हार्ड डिस्कसाठी केलेल्या पिनेतून एवढा करंट गेला की ती तापते, प्लास्टिक वितळतं, कधी पेटतंही. उद्या डिस्प्ले आला आणि सगळं छान चालायला लागलं तरी तो ॲडाप्टर सुरक्षित ठरत नाही, हे अगदी मनापासून सांगते.

आता तुमचा प्रश्न. बोर्ड गेलेला दिसत नाही, आणि हे तुमच्याच पत्रात आहे. जुनं कार्ड त्याच स्लॉटमध्ये चालतं म्हणजे स्लॉट ठीक, नवं कार्ड मित्राकडे चालतं म्हणजे कार्ड ठीक, कार्डाशिवाय मशीन चालतं म्हणजे रॅम आणि प्रोसेसर ठीक. ही तीन पडताळण्या तुम्ही केल्यात त्या फार मोलाच्या आहेत, कारण बरेच जण इथे एकदम चार गोष्टी बदलतात आणि मग कशाने काय झालं तेच कळत नाही. तुमच्याकडे आता दोनच संशयित उरलेत, एक पॉवर आणि दुसरं म्हणजे बोर्डाचा बायोस (मशीन चालू होताच सगळ्यात आधी चालणारा, बोर्डातच साठवलेला प्रोग्राम) आणि कार्ड यांचं आपसात न जुळणं.

पॉवर सप्लायवरच्या ४५० या मोठ्या आकड्याकडे बघूच नका. त्याच्या लेबलवर एक तक्ता असतो, त्यात ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट असे रकाने असतात, आणि प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोघं जवळजवळ सगळं १२ व्होल्टवरूनच घेतात. त्या रकान्यातले अँपिअर गुणिले १२ करा. समजा तिथे १६ अँपिअर लिहिलंय, तर झाले फक्त १९२ वॅट, बाकीचा आकडा ज्या लायनींची तुम्हाला गरजच नाही त्यांच्यातून जमवलेला असतो. १२ व्होल्टच्या दोन लायनी दाखवल्या असतील तर त्यांची सरळ बेरीज करू नका, दोन्ही मिळून कमाल किती ते खाली वेगळं लिहिलेलं असतं. आता हिशोब मांडा, तुमच्या प्रोसेसरची रेटिंग ९५ वॅट, कार्ड १३० वॅट, वर बोर्ड, डिस्क, पंखे, म्हणजे १९२ मध्ये हे बसतच नाही. त्यात भर म्हणजे कार्ड सरासरी १३० घेत असलं तरी क्षणभरासाठी त्याहून बरंच जास्त ओढतं आणि इतक्या वर्षांच्या सप्लायमधले कपॅसिटर सुकलेले असतात, ते असे झटके सांभाळू शकत नाहीत. तुमचं जुनं कार्ड का चाललं, कारण त्याला वेगळी वायरच नव्हती, सगळं स्लॉटमधून घेत होतं आणि स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅटच मिळतात, तेवढं या सप्लायला झेपत होतं.

त्यामुळे पहिला सल्ला, मित्राचा पॉवर सप्लाय तासाभरासाठी मागून घ्या आणि त्याची खरी ८ पिनची पीसीआय एक्सप्रेस वायर लावून बघा. लावताना एक काळजी घ्या, प्रोसेसरला जाणारी ८ पिनची वायर आणि कार्डाची ८ पिनची वायर दिसायला सारख्या असतात पण त्यांच्यात १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या बाजू उलट असतात. आकार थोडा वेगळा केलेला असतो म्हणून चुकीची सहज बसत नाही, बसत नसेल तर जोर लावू नका, थांबून वायरीवर काय छापलंय ते वाचा.

नव्या सप्लायवर डिस्प्ले आला तर विषय संपला, १२ व्होल्टवर ४०० वॅटच्या आसपास किंवा वर देणारा आणि ८ पिनची स्वतःची वायर असलेला चांगला सप्लाय घ्या. नाही आला तर पुढे वाचा.

नवीन कार्ड जुन्या बोर्डवर चालतच नाही हे सरसकट खरं नाही. पीसीआय एक्सप्रेस, म्हणजे कार्ड ज्या स्लॉटमध्ये बसतं त्याचं मानक, २००३ मध्ये आलं तेव्हापासून नवं कार्ड जुन्या स्लॉटमध्ये चालावं असंच ते बांधलंय, दोघं मिळून जो वेग दोघांना जमतो तो ठरवतात. अगदी सुरुवातीच्या काही बोर्डांवर नंतरची कार्डं अडतात, पण तुमचा बोर्ड तितका जुना नाही, तुमच्या प्रोसेसरच्या पिढीला त्याची २.० ही आवृत्ती आहे, ३.० त्याच्या पुढच्या पिढीत म्हणजे २०१२ मध्ये आलं. स्लॉटचं जुळतं, अडतं ते बायोसपाशी. बटण दाबल्यापासून विंडोज येईपर्यंत कुठलाही ड्रायव्हर लोड झालेला नसतो, तेव्हा स्क्रीनवर काही दाखवायला बोर्ड कार्डाच्या चिपमध्ये साठवलेला एक छोटा प्रोग्राम वापरतो. जुन्या पद्धतीच्या बायोसला तो एका प्रकारचा लागतो आणि त्याच्या जागी आलेल्या नव्या यूईएफआयला दुसऱ्या प्रकारचा, त्याला जीओपी म्हणतात. बऱ्याच कार्डांत दोन्ही असतात. पण तुमच्या वेळचे बोर्ड नेमके मधल्या काळातले, यूईएफआय नुकतंच आलेलं, आणि त्यानंतर दहा वर्षांनी निघालेल्या कार्डाबरोबर ते तपासलं जाणं शक्यच नव्हतं. इंटेलने तर आपल्या आर्क कार्डांसाठी यूईएफआय आणि रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) हवंच असं स्वतःच सांगितलंय, तशी कार्डं तुमच्यासारख्या मशीनसाठी घेऊच नयेत असं माझं मत आहे.

हे पडताळायला सोपी युक्ती सांगते. नवं कार्ड लावून मशीन चालू करा, दोनतीन मिनिटं जाऊ द्या, मग कीबोर्डवरचं नम लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो आहे का? लागत असेल तर मशीन आत जिवंत आहे, फक्त चित्र बाहेर येत नाहीये. दिवा थिजलेलाच राहिला, किंवा बोर्डाच्या स्पीकरमधून एक लांब आणि दोन-तीन छोट्या बीप आल्या, तर बोर्ड कार्डापाशीच अडून बसलाय. बीपचा अर्थ बायोसप्रमाणे बदलतो, अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब दोन छोट्या म्हणजे व्हिडिओची तक्रार, एएमआय मध्ये आठ छोट्या म्हणजे डिस्प्लेच्या मेमरीची. आणि पंखे क्षणभर हलून लगेच थांबले तर परत सप्लायकडे चला, त्याचं प्रोटेक्शन काम करतंय.

नम लॉक चालत असेल तर तुमच्या बाबतीत एक चांगली सोय आहे, तुमच्या प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स आहे. नवं कार्ड काढा, बायोसमध्ये जा, प्रायमरी डिस्प्ले किंवा इनिशियल डिस्प्ले अशा नावाची सेटिंग शोधा, ती ऑनबोर्डवर ठेवा आणि मल्टी मॉनिटर असा पर्याय असेल तर तो चालू करा. मग मशीन बंद करून कार्ड लावा पण मॉनिटरची केबल बोर्डाच्याच पोर्टला ठेवा. विंडोज आलं तर डिव्हाइस मॅनेजर उघडा. तिथे नवं कार्ड दिसलं की समजा स्लॉट, पॉवर, कार्ड सगळं ठीक, अडचण फक्त सुरुवातीच्या चित्राची होती. ड्रायव्हर टाका, मग केबल कार्डाला लावा. पुष्कळांचं काम इथेच होऊन जातं, बायोसचा लोगो दिसत नाही एवढंच, विंडोज मात्र व्यवस्थित दिसतं.

याच अवस्थेत असताना बोर्डाचा शेवटचा बायोस टाकून घ्या, नवं कार्ड काढून, ऑनबोर्डवर, आणि वीज जायची शक्यता असेल तर यूपीएसवरच. मॉडेलचं नाव अक्षर न् अक्षर जुळवा, रिव्हिजन नंबरसुद्धा, कारण चुकीची फाइल गेली तर बोर्ड खरंच जाईल. कार्डाच्या बाजूनेही कधी अपडेट असतं. एनव्हिडियाने २०१८ मध्ये जीटीएक्स ९०० आणि १००० या मालिकांसाठी डिस्प्लेपोर्टवर सुरुवातीला काळी स्क्रीन येण्यावर एक छोटं टूल दिलं होतं आणि नंतर आरटीएक्स ४०६० साठीही यूईएफआय फर्मवेअरचं टूल दिलं. हे टूल आधी तपासतं, गरज असेल तरच अपडेट करतं. तोपर्यंत डिस्प्लेपोर्टऐवजी एचडीएमआय वापरून बघायला काहीच हरकत नाही.

बायोसमध्ये सीएसएम नावाची सेटिंग (यूईएफआयला जुन्या बायोससारखं वागायला लावणारी) दिसली तर ती बंद किंवा चालू करून बघा असं सगळे सांगतात, बरोबरच आहे, पण आधी एक गोष्ट बघा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कच्या प्रॉपर्टीजमध्ये पार्टिशन स्टाइल एमबीआर (डिस्कची जुनी मांडणी, नवी ती जीपीटी) लिहिलं असेल तर सीएसएम बंद केल्यावर विंडोज सुरूच होणार नाही आणि तुम्हाला वाटेल आता तर डिस्कही गेली. डेटा जागेवरच असतो, सीएसएम परत चालू केलं की विंडोज येतं. कायमचं यूईएफआयवर जायचं असेल तर विंडोज १० मध्ये २०१७ पासून एमबीआर टू जीपीटी नावाचं टूल आहे, पण बॅकअप घेतल्याशिवाय त्याला हात लावू नका.

आणखी एक, पीसीआय एक्सप्रेसचा वेग ऑटो असतो तो जेन २ वर, म्हणजे २.० वर, पक्का करून बघा, काही जोड्या वेग ठरवतानाच अडकतात. हे सगळं करताना चुकून डिस्प्लेच गेला तर घाबरू नका, प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, बोर्डावरची सीआर २०३२ बॅटरी काढून पाच मिनिटांनी परत बसवा, सगळ्या सेटिंग मूळ जागी येतात. इतक्या जुन्या बोर्डात ती बॅटरी बहुधा संपतच आलेली असते, त्याच हाताने नवी टाका.

प्रश्न : माझं कार्ड लागलं, विंडोज येतं, व्हिडिओ बघा नेट बघा काही त्रास नाही. गेम चालू केला की कधी पाच मिनिटांत कधी अर्ध्या तासात मशीन धाडकन रिस्टार्ट होतं. कधी कधी नुसती स्क्रीन काळी होऊन परत येते. विंडोज नव्याने टाकून झालं, तरी तेच. आता कार्ड परत करू का?

उत्तर : परत करायच्या आधी ही दोन लक्षणं वेगळी करा, ती एकाच आजाराची असतीलच असं नाही. मशीन पूर्ण रिस्टार्ट होणं आणि स्क्रीन काळी होऊन परत येणं यात मोठा फरक आहे. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, सिस्टिमच्या लॉगमध्ये त्या वेळेची नोंद शोधा. कर्नल-पॉवर ४१ दिसलं तर त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता गेलं, कारण ते सांगत नाही, पण त्याच्या आधी दुसरी कुठली एरर नसेल आणि निळी स्क्रीनही आली नसेल तर संशय पॉवर सप्लायवर. डिस्प्ले ४१०१ दिसलं तर ड्रायव्हर अडकला होता आणि विंडोजने त्याला परत उठवला, कार्डाने २ सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज असं करतं. आणि व्हीया-लॉगर १७ अशा नोंदींची रांग दिसली तर स्लॉट आणि कार्ड यांच्यातल्या देवाणघेवाणीत चुका होताहेत, तेव्हा कार्ड काढून परत नीट बसवा, कडेचे सोनेरी काँटॅक्ट मऊ कपड्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा आणि बायोसमध्ये वेग एक पायरी खाली आणा.

सप्लायचा संशय एक पैसाही खर्च न करता तपासता येतो. एमएसआय आफ्टरबर्नर किंवा तसलं दुसरं टूल घ्या, त्यात पॉवर लिमिटचा स्लायडर ७० टक्क्यांच्या आसपास आणा, गेममध्ये फ्रेमचा वेग ६० वर बांधा आणि तोच गेम त्याच ठिकाणी खेळा. आता रिस्टार्ट थांबले तर कार्ड निर्दोष आहे, तुमच्या सप्लायला त्याची पूर्ण भूक भागवता येत नाहीये. मग पहिल्या उत्तरातला १२ व्होल्टचा हिशोब करून सप्लाय बदला, किंवा बदलेपर्यंत असंच ७० टक्क्यांवर चालवा, गेममध्ये फार थोडा फरक पडतो.

स्क्रीन काळी होऊन परत येण्याबद्दल, तुम्ही विंडोज नव्याने टाकलंत ते ठीक, पण नेट चालू असताना विंडोज स्वतःच एखादा ड्रायव्हर आणून टाकतं आणि त्याच्यावर तुम्ही दुसरा टाकता. नेट बंद करा, सेफ मोडमध्ये जाऊन डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलरने सगळं पुसा, मग आधीच उतरवून ठेवलेला कंपनीचा ड्रायव्हर टाका, नंतरच नेट लावा. नवीनात नवीन ड्रायव्हरच हवा असा हट्ट नको, तीन-चार महिने जुना घेऊन बघा.

उष्णताही बघा. जुन्या कॅबिनेटमध्ये मागे एकच पंखा असतो, आधी तिथे कमी वॅटचं कार्ड होतं, आता त्याच डब्यात शंभरपेक्षा जास्त वॅटची गरमी सोडली जाते आणि ती सगळी प्रोसेसरवर येते, ज्याची उष्णता बाहेर नेणारी पेस्ट आधीच वाळलेली असते. कडेचं झाकण उघडून खेळून बघा, फरक पडला तर उत्तर मिळालं. झाकण उघडलंच आहे तर बोर्डावर प्रोसेसरच्या आजूबाजूचे कपॅसिटर टॉर्च मारून बघा, एखाद्याचं डोकं फुगलंय किंवा तपकिरी काही बाहेर आलंय असं दिसलं तर त्या बोर्डावर नवीन खर्च करू नका.

प्रश्न : मॉनिटर जुना आहे, फक्त निळं व्हीजीए पोर्ट. नव्या कार्डाला ते नाहीच. डीव्हीआयला लावायचा पांढरा छोटा कन्व्हर्टर जुन्या कार्डाबरोबर आलेला, तो चालेल का?

उत्तर : नाही चालणार. तो कन्व्हर्टर स्वतः काही करत नाही, फक्त पिना जुळवतो, आणि जुन्या कार्डाच्या डीव्हीआय पोर्टमधून ॲनालॉग सिग्नल येत होता म्हणून तो चालायचा. एएमडीने २०१३ च्या आर९ २९० पासून आणि एनव्हिडियाने २०१६ च्या जीटीएक्स १००० मालिकेपासून तो ॲनालॉग सिग्नल काढायला सुरुवात केली, आताच्या कार्डात तो नसतोच. तुम्हाला ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागेल, ज्याच्यात चिप असते, एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टवरून व्हीजीए करणारा. घेताना दिशा बघा, उलट्या दिशेचेही मिळतात आणि ते या कामाचे नाहीत. एक सूचना, कार्ड चालतंय की नाही हे तपासताना असा कन्व्हर्टर मधे ठेवू नका, विंडोज यायच्या आधी काही कन्व्हर्टर चित्र देतच नाहीत आणि उगाच कार्डावर आळ येतो. त्या वेळेपुरता टीव्ही थेट एचडीएमआयने लावा.

प्रश्न : माझ्याकडे कोअर २ क्वाड आहे, विंडोज ७, ३२ बिट. मशीन धडधाकट आहे, टाकवत नाही. यात आत्ताचं कुठलं कार्ड टाकू म्हणजे ड्रायव्हर नीट चालेल?

उत्तर : मशीन टाकून देऊ नका, ते अजून कामाचं आहे. पण आत्ताचं कार्ड त्यात टाकू नका हेही तितक्याच आग्रहाने सांगते. एनव्हिडिया आणि एएमडी दोघांनी ३२ बिटचे ड्रायव्हर २०१८ मध्येच थांबवले. विंडोज ७ साठीचे नवे ड्रायव्हर २०२१ मध्ये थांबले, म्हणजे त्यानंतर निघालेल्या कार्डाला तुमच्या विंडोजवर ड्रायव्हरच नाही. बरं, ६४ बिटचं विंडोज १० टाकलं असं धरू, तरी एक अडथळा राहतो. तुमच्या प्रोसेसरला पॉपसीएनटी नावाची आज्ञा (इन्स्ट्रक्शन) कळत नाही, ती इंटेलमध्ये त्याच्या पुढच्या म्हणजे पहिल्या कोअर आय पिढीत आली. एनव्हिडियाचे ५५५ या आवृत्तीपासून पुढचे ड्रायव्हर तिच्याशिवाय चालत नाहीत, विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती तर सुरूच होत नाही. हा प्रोसेसरमधलाच फरक आहे, कुठल्याही सेटिंगने तो भरून येत नाही.

मग काय करायचं? जुन्या वळणाचंच कार्ड शोधा. २०१४ मधलं जीटीएक्स ७५० टीआय मला अशा मशीनसाठी अजूनही आवडतं, ६० वॅट, त्याच्या बऱ्याच मॉडेलना वेगळी वायर लागत नाही, जुन्या बायोसबरोबर सहसा नीट जमवून घेतं. ६४ बिटचं विंडोज १० टाकून त्यावर ५५५ च्या आधीचा ड्रायव्हर ठेवा. एक मात्र ध्यानात घ्या, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, म्हणून बँकेची कामं त्या मशीनवर नकोत. लिनक्सची थोडी सवय करायची तयारी असेल तर एएमडीचं जुनं कार्ड जास्त सोयीचं, त्याचा ड्रायव्हर लिनक्सबरोबरच येतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. गेमची अपेक्षा बेताची ठेवा, प्रोसेसरच कमी पडेल, पण हाय डेफिनिशन व्हिडिओ डीकोड करायचं काम कार्डाने उचललं की तेच मशीन एकदम मोकळं झाल्यासारखं वाटतं.

प्रश्न : कार्ड पहिल्या झटक्यात चाललं, कुठली अडचण नाही, पण रिव्ह्यूमध्ये दाखवतात तेवढा वेग येतच नाही. छोटं ४ जीबीचं कार्ड आहे, प्रोसेसर दुसऱ्या पिढीचा आय७. कार्डात दोष असेल का?

उत्तर : दोष नसावा, लेन मोजा, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यात डेटा ये-जा करायच्या वाटा. कार्डाची पट्टी लांब दिसली तरी आत सगळ्या १६ लेन जोडलेल्या असतातच असं नाही. आरएक्स ६४०० आणि आरएक्स ६५०० एक्सटी यांना फक्त ४ लेन आहेत, आरटीएक्स ४०६० ला ८. नव्या बोर्डावर पीसीआय एक्सप्रेस ४.० चा वेग असतो म्हणून ४ लेनमध्येही भागतं, तिथे एका लेनचे साधारण २ जीबी सेकंदाला, म्हणजे ८ जीबी. तुमच्या २.० च्या स्लॉटवर एका लेनचे अर्धा जीबी, चारांचे मिळून २ जीबी. कार्डाची स्वतःची ४ जीबी मेमरी भरली की उरलेला माल याच चिंचोळ्या वाटेने सिस्टिमच्या रॅममधून आणावा लागतो आणि गेम अडखळायला लागतो. जीपीयू-झेड नावाच्या टूलमध्ये बस इंटरफेसचा रकाना बघा, पण कार्ड मोकळं असताना नको, तेव्हा ते वीज वाचवायला मुद्दाम वेग कमी ठेवतं, बाजूचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट चालू करा आणि मग आकडा वाचा. तिथे ४ लेन २.० वर दिसल्या तर गेममध्ये टेक्स्चरची सेटिंग एक-दोन पायऱ्या खाली आणा, मेमरी भरली नाही की अडखळणं बरंच कमी होतं. कार्ड बदलून घ्यायची मुदत अजून असेल तर पूर्ण १६ लेनचं जुन्या पिढीतलं कार्ड घ्या, तुमच्या मशीनवर कागदावर कमी दिसणारं तेच जास्त पळेल.

प्रश्न : ऑफिसमधून निघालेला एका मोठ्या कंपनीचा स्लिम डेस्कटॉप मिळालाय, आय५ चौथी पिढी. मुलीला थोडं डिझाइन शिकायचंय. सप्लाय २४० वॅटचा आहे. सप्लाय मोठा टाकून चांगलं कार्ड लावता येईल का?

उत्तर : सप्लाय मोठा टाकायचं मनातून काढा. ब्रँडेड स्लिम मशीनमध्ये सप्लायचा आकार वेगळा असतो आणि पुष्कळदा बोर्डाचं कनेक्टरही नेहमीचं २४ पिनचं नसतं, त्यामुळे बाजारातला सप्लाय बसत नाही. पण तुमच्या कामाला त्याची गरजही नाही. वेगळी वायर न लागणारं, लो प्रोफाइल म्हणजे कमी उंचीचं कार्ड बघा, जीटीएक्स १६५० किंवा १०५० टीआय ७५ वॅटमध्ये बसतात, आरएक्स ६४०० तर ५३ वॅटमध्ये, फक्त त्या शेवटच्याला ४ लेन आहेत हे वरच्या उत्तरात आलंच आहे, आणि त्यात व्हिडिओ एन्कोडर (तयार व्हिडिओची फाइल बनवायचं काम झटपट करणारा भाग) नाही, म्हणजे मुलगी पुढे व्हिडिओ एडिटिंगकडे वळली तर ते अडेल. डिझाइनसाठी मी १६५० कडे झुकेन. एकच मॉडेल पूर्ण उंचीतही येतं आणि लो प्रोफाइलमध्येही, म्हणून घेताना बॉक्समध्ये कार्डाच्या मागे लावायची छोटी धातूची पट्टी आहे ना ते विचारा. झाकण उघडून मोजपट्टी टेकवा आणि स्लॉटपासून समोरच्या हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत किती मिलिमीटर मोकळे आहेत ते मोजा, शिवाय बाजूच्या स्लॉटची जागा रिकामी आहे की सप्लायने अडवलीय तेही बघा, कारण यातली बरीच कार्डं दोन स्लॉटची जाडी घेतात. ही मापं लिहून मगच कार्ड निवडा, आणि मशीनच्या कंपनीच्या साइटवरून त्या मॉडेलचा शेवटचा बायोस कार्ड लावायच्या आधी टाकून घ्या.